उत्कंठेचें ऋण

दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला लाभ साधणें ही गोष्ट व्यवहारांत आपण निंद्य मानतों. लंगडा घोडा अंधारांत दाखवून विकणारा व्यापारी, किंवा दस्तऐवजांतलें एक कलम वाचून न दाखवतां कुळाचा अंगठा घेणारा सावकार, यांना लबाड म्हणण्यांत कोणालाच संकोच वाटत नाहीं. परंतु कथेच्या राज्यांत पाऊल टाकतांच आपला न्याय पालटतो. जो कथाकार सर्व कांहीं पहिल्याच पानावर सांगून टाकतो त्याला आपण नीरस म्हणतों. आणि जो महत्त्वाची गोष्ट हातची राखून ठेवतो, आपल्याला भलत्याच वाटेनें नेतो, ऐन प्रसंगीं प्रकरण संपवून आपला जीव टांगणीला लावतो, त्याच्या चातुर्याची आपण तोंड भरून स्तुति करतों. एकाच कृत्याला बाजारांत शिक्षा आणि नाट्यगृहांत बक्षीस, असें कां व्हावें? 'ती केवळ करमणूक आहे' हें उत्तर पुरेसें नाहीं; कारण करमणुकींत वाटणारी भीति खोटी नसते. छातीची धडधड खरी असते, तळहाताला सुटलेला घाम खरा असतो, आणि त्या दोन घटका आपल्या मनाची दोरी दुसऱ्याच्या हातीं असते, हेंहि खरेंच असतें. तेव्हां ही दोरी ओढण्याचा अधिकार कोणाला, किती, आणि कशाच्या मोबदल्यांत, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा खास नव्हे.

मोठ्या प्रश्नाचा विचार लहान उदाहरणावरून करणें सोयीचें असतें, म्हणून अगदीं लहान उदाहरण घेऊं. इंग्लंडमधील शाळांच्या वरच्या वर्गांत माध्यमांचा अभ्यास हा एक परीक्षेचा विषय आहे. त्या विषयाच्या एका अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना कित्येक वर्षें एक ठराविक काम करतां येत असे: एका नव्या कथापटाचा केवळ प्रारंभ, श्रेयनामावलीसह, जास्तींत जास्त दोन मिनिटांचा, तयार करावयाचा. त्याआधीं सरावासाठीं आणखी एक छोटें काम असे. एका पात्रानें दार उघडावें, खोली ओलांडावी, दुसऱ्या पात्रासमोरील खुर्चीवर बसावें, आणि दोघांनीं दोन वाक्यें बोलावीं. हेतु असा, कीं दार उघडणारा हात एका शॉटमध्यें अर्ध्यावर असेल तर पुढच्या शॉटमध्यें तो तेथूनच पुढें सरकला पाहिजे, आणि समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्यानें ओलांडूं नये, हे संकलनाचे प्राथमिक नियम विद्यार्थ्याच्या हातांत बसावेत. व्याकरण झालें, कीं मग निबंध. आणि या निबंधासाठीं पुष्कळ विद्यार्थी थरारपटच निवडीत. कारण उघड आहे. थरारपटाला राजवाडा लागत नाहीं कीं सैन्य लागत नाहीं. एक रिकामें घर, एक जिना, एक विजेरी आणि घाबरण्यास राजी असलेला एक मित्र, एवढें साहित्य पुरतें. आपल्याकडेहि कॅमेरा आणि संकलनाची सामग्री हीं दोन्ही खिशांतल्या मोबाइलमध्यें येऊन बसल्यापासून असले प्रारंभ महाविद्यालयांच्या संमेलनांतून दिसूं लागले आहेत.

असा एखादा प्रारंभ घडतांना जवळून पाहणें फार बोधप्रद असतें. समजा, विद्यार्थ्यांनीं पुढील चित्रें टिपून आणलीं आहेत. संध्याकाळची वेळ, एक मुलगी कुलूप काढून घरांत येते, चपला कडेला ठेवते, गुणगुणत स्वयंपाकघरांत जाते आणि चहाचें आधण ठेवते. याशिवाय एक निराळा शॉट: मागील दारापासून आंतल्या खोलीकडे गेलेले ओल्या पावलांचे ठसे. एवढेंच. आतां हा एक शॉट कोठें घालावयाचा? मुलीचें सर्व दाखवून झाल्यावर अगदीं शेवटीं ठसे दाखवले, तर प्रेक्षक दचकतो; हा धक्का झाला. ठसे प्रथमच, मुलगी येण्यापूर्वीं दाखवले, तर तिचें गुणगुणणें, चपला नीट ठेवणें, साखरेचा डबा शोधणें या प्रत्येक साध्या क्रियेवर एक भयंकर छाया पडते. ही उत्कंठा झाली. आणि मुलीची नजर जमिनीकडे जाऊन तिचा चेहरा पांढरा पडलेला दाखवला, पण तिनें काय पाहिलें तें दाखवलेंच नाहीं, तर कुतूहल जागें होतें. चित्रें तींच, मुलगी तीच, घर तेंच. केवळ एका तुकड्याची जागा बदलली, आणि प्रेक्षकाच्या अंतःकरणाच्या तीन निरनिराळ्या अवस्था झाल्या.

जागेइतकेंच महत्त्व काळाला आहे. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रें या गतीनें धांवतो. ठशांचा शॉट चोविसाव्या चित्रावर कापला तर ती केवळ माहिती होते. शंभर चित्रें टिकवला तर ती ताकीद होते. नवशिक्याचा समज असा असतो, कीं जलद कापणें म्हणजे थरार. म्हणून तो एका मिनिटांत साठ तुकडे कोंबतो आणि खालीं मोठ्यानें ढोल वाजवतो. पण भीति धांवण्यानें वाढत नाहीं, थांबण्यानें वाढते. आंतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारावर कॅमेरा जरुरीपेक्षां दोन सेकंद अधिक रेंगाळला, तर तेवढ्या अवकाशांत प्रेक्षक स्वतःच त्या काळोखांत कोणाला तरी उभें करतो. ध्वनीचेंहि तसेंच. मुलगी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्यावरहि आधणाचा आवाज मागें चालूं ठेवला आणि मग तो एकाएकीं थांबला, तर कोणी तरी शेगडी बंद केली आहे, हें सांगण्यास चित्राची गरज उरत नाहीं.

या सामर्थ्याचा प्रसिद्ध पुरावा १९२० च्या सुमारास रशियांत मिळाला. लेव्ह कुलेशॉव्ह यानें मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा शॉट निरनिराळ्या चित्रांना जोडला: एकदां सूपाच्या थाळीला, एकदां शवपेटिकेंतील मृत स्त्रीला, एकदां खेळणाऱ्या लहान मुलीला. त्याचा सहकारी पुडोव्हकिन यानें लिहून ठेवलें आहे, कीं प्रेक्षकांनीं नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली. त्याच्या मुद्रेवर त्यांना भूक, शोक आणि वात्सल्य हीं तिन्ही स्पष्ट दिसलीं. चेहरा मात्र काडीइतकाहि बदलला नव्हता. पुढें वॉल्टर मर्च या संकलकानें संकलनावरील आपल्या छोट्या पुस्तकांत, कोणत्या जागीं शॉट कापावा याचे सहा निकष सांगून त्यांना थोड्या विनोदानें गुण वांटले आहेत. त्यांत शंभरांपैकीं एकावन्न गुण एकट्या भावनेला आहेत. कथेला तेवीस, लयीला दहा, आणि उरलेले सोळा नजरेचा रोख, पडद्याची सपाटी व प्रत्यक्ष अवकाश यांत विभागले आहेत. म्हणजे सराव म्हणून जो दरवाजा आणि ती खुर्ची विद्यार्थ्यानें इतक्या कष्टानें जुळवली, त्यांना या गणितांत शेवटचा नंबर आहे. संकलकाचें खरें द्रव्य चित्रफीत नव्हे, प्रेक्षकाचें मन होय. आणि ज्या कलेचें द्रव्य दुसऱ्याचें मन आहे, तिला नीतीचे प्रश्न टाळतां येत नाहींत.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. उत्कंठा ही खरोखर अज्ञानावर उभी आहे काय? या बाबतींत आल्फ्रेड हिचकॉक यानें १९६२ सालीं फ्रान्स्वा त्रुफो याच्याशीं झालेल्या दीर्घ संभाषणांत केलेलें विवेचन सर्वश्रुत आहे. माणसें टेबलाभोवतीं गप्पा मारीत बसलीं आहेत आणि टेबलाखालीं बाँब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोट झाल्यावर त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बाँब आहे, आणि तो अमुक वाजतां उडणार आहे, हें त्याला अगोदर सांगितलें, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटें त्याचा जीव कासावीस करतात. यावरून असें दिसेल, कीं धक्का अज्ञानांतून निघतो, उत्कंठा ज्ञानांतून निघते. उत्कंठित प्रेक्षक हा फसवलेला मनुष्य नसून विश्वासांत घेतलेला मनुष्य आहे. आपल्या उदाहरणांतहि ओले ठसे प्रेक्षकाला दिसले आहेत. दिसले नाहींत ते त्या मुलीला.

हेंच तत्त्व ऑर्सन वेल्स याच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) या चित्रपटाच्या प्रारंभांत पाहावयास मिळतें. एक मनुष्य बाँबचें घड्याळ लावतो, तो एका मोटारीच्या मागील कप्प्यांत ठेवतो, आणि तेथून पुढें तीन मिनिटांहून अधिक काळ, एकदांहि न कापतां, कॅमेरा ती मोटार आणि तिच्या आसपास चालणारें एक नवविवाहित जोडपें यांच्या मागून मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत जातो. पहिला काप पडतो तो स्फोटाच्या वेळीं. संकलनानें उत्कंठा निर्माण होते, तशी ती न कापण्याच्या संयमानेंहि होते, याचें याहून चांगलें उदाहरण नाहीं. चित्रपट बनवणाऱ्या कंपनीनें मात्र या प्रारंभावर श्रेयनामावली छापली आणि संगीत चढवलें. वेल्सनें एकंदर फेरफारांविषयीं अठ्ठावन्न पानांचें टिपण लिहिलें, तें बराच काळ तसेंच राहिलें, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९९८ सालीं वर उल्लेखिलेल्या मर्चनेंच त्या टिपणाबरहुकूम चित्रपट पुन्हा जुळवला. अक्षरें गेलीं, आणि रस्त्यावरच्या पानगृहांतून व मोटारींतल्या रेडिओतून येणारे सूर ऐकूं येऊं लागले.

उत्कंठा अज्ञानावर अवलंबून नाहीं, याचा आणखी एक पुरावा आपल्या घरचाच आहे. कीर्तनकार उत्तररंगांत द्रौपदीवस्त्रहरणाचें आख्यान लावतो. श्रोत्यांमध्यें असा एकहि मनुष्य नसतो, कीं ज्याला शेवट ठाऊक नाहीं. तरीहि दुःशासनाचा हात पदराला लागतो, बुवा नेमके तेथेंच थांबून अभंग धरतात, आणि सभामंडप श्वास रोखून बसतो. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या संमेलनांत वाङ्मयानंदाला 'सविकल्प समाधि' असें नांव दिलें. आपली भूमिका न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेशीं तादात्म्य पावणें, असा त्याचा आशय. त्या नांवाचा अर्थ या ठिकाणीं चांगला उमगतो. एका मनानें आपण शेवट जाणतों, दुसऱ्या मनानें आपण द्रौपदीच्या जागीं उभे असतों. म्हणजे उत्कंठेचें मूळ 'पुढें काय होणार' या प्रश्नांत नसून 'हिचें काय होणार' या काळजींत आहे. उत्कंठा ही कुतूहलाची बहीण नव्हे. ती मायेची मुलगी आहे.

येथवर आलों म्हणजे लबाडीचा आरोप बराचसा गळून पडतो, पण त्याच्या जागीं अधिक गंभीर आरोप उभा राहतो. सावकारानें कुळाचें अज्ञान वापरलें. संकलक प्रेक्षकाची माया वापरतो. यांत अधिक वाईट कोणतें? या प्रश्नाचा कस पाहण्यासाठीं दोन चित्रपट शेजारीं शेजारीं ठेवावेत.

पहिला, हिचकॉकचाच 'सॅबटाज' (१९३६), कॉनरॅडच्या 'द सीक्रेट एजंट' या कादंबरीवरून घेतलेला. एका लहान मुलाच्या हातीं त्याच्या बहिणीचा नवरा एक पुडकें देतो. त्यांत बाँब आहे, तो पावणेदोनला उडणार आहे. हें आपल्याला ठाऊक आहे, मुलाला नाहीं. वाटेंत दंतमंजनाचा फेरीवाला त्याला धरून गर्दीसमोर त्याचे दांत घासून दाखवतो, मिरवणुकीमुळें रस्ता अडतो, पडद्यावर घड्याळें येतात आणि जातात. अखेर मुलगा बसमध्यें बसतो, शेजारणीच्या कुत्र्याच्या पिलाशीं खेळूं लागतो, आणि बाँब उडतो. पुढें त्रुफोशीं बोलतांना हिचकॉकनें ही आपली मोठी चूक मानली. प्रेक्षकाच्या मनांत मुलाविषयीं इतकी माया उत्पन्न केल्यावर त्याला मारणें प्रेक्षकाला सहन झालें नाहीं, असें त्याचें म्हणणें. त्रुफोनेंहि मुलाला पडद्यावर मरूं देणें हा चित्रपटाच्या शक्तीचा जवळजवळ दुरुपयोग होय, असा अभिप्राय दिला.

दुसरा चित्रपट फ्रित्झ लांग याचा 'एम' (१९३१). बर्लिनमधील एका चाळवजा इमारतींत एक श्रमजीवी आई कपडे धुऊन झाल्यावर जेवणाचें टेबल मांडते. घड्याळांत बाराचे ठोके पडतात. शाळेंतून मुलगी येण्याची वेळ झाली. इकडे रस्त्यावर मुलगी चेंडू आपटीत चालली आहे. खुन्यासाठीं बक्षीस जाहीर करणाऱ्या पत्रकावर एका पुरुषाची सांवली पडते. तो तिला फुगा घेऊन देतो. आई जिन्यांत डोकावून हांका मारते. मग एकामागून एक: रिकामा जिना, कपडे वाळत घालण्याची रिकामी माडी, टेबलावरची रिकामी थाळी, झुडपांतून घरंगळत येऊन थांबलेला चेंडू, तारांत अडकून मग वाऱ्यावर निघून गेलेला फुगा. खून दिसत नाहीं, किंकाळी ऐकूं येत नाहीं.

दोन्ही ठिकाणीं मूल मरतें. मुलाचा मृत्यु हीच जर चूक असेल, तर लांग अधिक दोषी ठरावा. कारण त्यानें तें चित्रपटाच्या प्रारंभींच केलें. पण 'एम'चा प्रारंभ पाहून आपली फसवणूक झाली असें कोणी म्हणत नाहीं. म्हणून हिचकॉकनें स्वतःविरुद्ध दिलेला हा निकाल मला पूर्णपणें पटत नाहीं. तो व्यापाऱ्याचा निकाल आहे: गिऱ्हाईक रुसलें, म्हणून माल चुकला. मला वाटतें, न्याय निराळ्या ठिकाणीं शोधला पाहिजे.

उत्कंठा हें एक प्रकारचें ऋण आहे. कथाकार प्रेक्षकाकडून भीति आणि माया उसनी घेतो, आणि ती फेडण्याचें वचन देतो. ही फेड 'मूल वांचलें' एवढ्याच नाण्यांत होते असें नव्हे. ज्याच्यासाठीं आपण भ्यालों तो मेला, तर त्याच्या मरणाला कथेंत वजन असावें, एवढेंच आपलें मागणें असतें. लांगच्या चित्रपटांत रिकाम्या थाळीनें तें ऋण तेथल्या तेथें फेडलें जातें. 'सॅबटाज'मध्यें फेडीला उशीर लागतो, पण ती होते. भावाच्या मृत्यूनें वेडीपिशी झालेली बहीण आपल्या चित्रगृहांत जाऊन बसते; पडद्यावरच्या व्यंगपटाला मुलें हंसत असतात, तिलाहि हंसूं येतें; पण त्यांतला पक्षी बाण लागून पडतांच तें हंसूं जागींच विझतें. त्या क्षणीं बसमधला मुलगा विसरला गेलेला नाहीं, हें आपल्याला कळतें. याच्या उलट असे अनेक चित्रपट आहेत, कीं ज्यांत पहिल्या पांच मिनिटांत कोणी एक स्त्री रानांतून धांवते, किंचाळते, मरते, आणि तिचें नांवहि कोणाच्या तोंडून पुन्हा निघत नाहीं. त्यांच्याविरुद्ध सहसा कोणी तक्रार करीत नाहीं, कारण त्यांनीं आपल्याकडून माया घेतलेलीच नसते. फक्त स्नायूंचा एक झटका घेतलेला असतो. मला विचारलें तर यांचाच अपराध मोठा. मनुष्याच्या मरणाला दार आपटल्याच्या आवाजाएवढी किंमत द्यावयास ते प्रेक्षकाला शिकवतात.

आतां विद्यार्थ्याच्या दोन मिनिटांची खरी अडचण लक्षांत येईल. त्याला फक्त प्रारंभ करावयाचा आहे. मध्य आणि शेवट हे कधींच होणार नाहींत. ऋण काढण्याची कला त्याला शिकवली जाते, आणि फेडीचा हप्ता अभ्यासक्रमांतच नसतो! कोणी म्हणेल, हा शाळकरी अभ्यास आहे, याला इतकें जड कां करावें? पण सभोवतीं पाहिलें तर आजचें बरेंचसें जग याच अभ्यासावर चाललेलें दिसतें. मालिकेचा प्रत्येक भाग एका विस्फारलेल्या डोळ्यावर संपतो आणि दुसऱ्या दिवशीं त्या विस्फारण्याला कांहींच कारण नव्हतें असें निघतें. वृत्तवाहिनी 'थोड्याच वेळांत' असें म्हणून तासभर तेंच अर्धें वाक्य फिरवीत राहते. आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे कुलेशॉव्हच्या प्रयोगाचा उलटा उपयोग. ओल्या ठशांच्या शॉटनंतर कोणा निरपराध माणसाचा चेहरा जोडला, कीं तो चोर दिसूं लागतो. रहस्यकथेंतहि असा खोटा संशय योजतात, पण तेथें शेवटीं त्याचें नांव धुऊन निघतें. वाचकाला आपल्या उतावळ्या निकालाची लाज वाटते, आणि ती लाज हाच त्या कथेचा बोध असतो. बातमीच्या नांवाखालीं फिरणाऱ्या चित्रफितींत शेवट नसतो. संशय तसाच लोकांच्या मनांत राहतो, आणि त्याचें व्याज त्या माणसाला, कधीं कधीं त्याच्या सबंध जातीला किंवा वस्तीला, भरावें लागतें.

म्हणून या लहान अभ्यासांतच विद्यार्थ्याच्या हाताला कांहीं वळण लागलें पाहिजे. जें लपवलें आहे तें लपवलें आहे, एवढें तरी प्रेक्षकाला कळूं द्यावें. बंद दार दाखवणें ही युक्ति आहे, पण दाराच्या जागीं भिंत दाखवणें हें असत्य आहे. भीति कोणाविषयीं वाटावी तें आधीं ठरवावें, मग कशाची वाटावी तें. ती मुलगी काय गुणगुणत होती, साखरेचा डबा रिकामा पाहून ती स्वतःशींच कां हंसली, एवढ्याला पंधरा सेकंद दिले तर ते उत्कंठेंतून वजा होत नाहींत, तिच्यांत जमा होतात. आणि शेवटचा काळा पडदा येण्यापूर्वीं निदान एक शॉट असा असावा, कीं जो केवळ भिवविण्यासाठीं नसून त्या मुलीसाठीं आहे. उकळून आटून गेलेलें आधण, किंवा दाराशीं नीट ठेवलेल्या दोन चपला, एवढें पुरे. पुढची कथा कधीं होवो वा न होवो, प्रेक्षकाच्या काळजीला एक माणूस मिळाला, म्हणजे त्याच्याकडून घेतलेलें व्यर्थ गेलें नाहीं.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. सावकार आणि कथाकार यांच्यांतला भेद एकानें लपवलें आणि दुसऱ्यानें सांगितलें, यांत नाहीं. दोघेहि थोडें सांगतात, थोडें राखतात. भेद एवढाच, कीं व्यवहार पुरा झाल्यावर सावकाराचें कूळ अधिक दरिद्री झालेलें असतें, आणि चांगल्या कथाकाराचा प्रेक्षक अधिक कनवाळू. ज्या कथेनें हें साधत नाहीं, तिनें कितीहि सफाईनें श्वास रोखून धरावयास लावलें, तरी तिचा हिशेब बाजारांतल्या कायद्यानेंच झाला पाहिजे.